विकतचं माहेर

भार्गवीच्या ओट्यावर माझ्या माहेरच्या काकड्या पडल्या होत्या.

पडल्या म्हणजे अगदी पडल्याच. एक मिक्सरच्या वायरखाली, दोन नळाच्या कडेला. मी तिच्याकडे विरजण मागायला गेले होते. आमच्या विहिरीमागच्या वेलाची काकडी मला कुठंही ओळखू येते. आखूड असते, पोटात फुगलेली आणि देठाशी पांढुरकी. बाजारात तशी मिळत नाही.

"अगं, तुझ्या भावजयीची पिशवी आली आज," भार्गवी म्हणाली. "पहिलाच तोडा आहे म्हणे. तुमच्याकडे काय काय आलं?"

"हेच," मी म्हटलं आणि विरजण न घेताच घरी आले.

आमच्याकडे काहीच आलं नव्हतं.

लग्न होऊन मी चिखलीला आले तेव्हापासून आमच्या घरातला कुठलाही हंगाम वानोळ्याशिवाय सुरू झाला नव्हता. शेतात कोणतीही वस्तू पहिल्यांदा निघाली, की विकण्याआधी, स्वतःच्या चुलीवर चढण्याआधी, त्यातली थोडी लेकीबाळींकडे जाते. हाच वानोळा. अमडापूरहून निघणाऱ्या एसटीत बाबा कुणा ओळखीच्या माणसाच्या मांडीवर गाठोडं ठेवून द्यायचे आणि मला फोन करायचे, "बाई, स्टँडवर जा." मी शिकवते त्या शाळेतून तशीच स्टँडवर. गाठोड्यात कधी मूठभर गवार असायची, कधी नुसतं एक कणीस. किती आहे ते कुणी बघत नाही. तो यावा मात्र लागतो, कारण तो आला म्हणजे तिकडं कुणाला तरी आपली आठवण झाली. आणि तो मागायचा नसतो. भुकेनं मेलात तरी मागायचा नसतो.

आता ही पिशवी काय भानगड होती ते सांगते. माझा भाऊ प्रसेनजित आणि त्याची बायको मयुरी यांनी गेल्या उन्हाळ्यात ठरवलं, की भाजी व्यापाऱ्याला घालायची नाही. शहरातल्या घरांनी हंगामाचे पैसे आधी भरायचे आणि आषाढ पौर्णिमेपासून होळीपर्यंत दर रविवारी शेतातली पिशवी घरपोच न्यायची. मयुरी शेतकी कॉलेजात शिकलेली, तिच्या डोक्यातली कल्पना. चिखलीत तिच्या ओळखीचं कोण? मीच. मीच तिला आमच्या कॉलनीत दारोदार फिरवलं आणि सगळ्यात आधी नेलं ते शेजारच्या भार्गवीकडे. म्हणजे धोंडा माझाच आणि पायही माझाच.

भार्गवीच्या दिवाणखान्यात बसून मयुरीनं सगळं खरं खरं सांगितलं होतं, तेही तिच्या बोलण्यात जमेल तेवढी शुद्ध भाषा आणून.

"ताई, जे निघेल तेच येईल. निवडायचं नाही. सुरुवातीले दोनचार काकड्या अन् रानभाज्या येतील, कारण बाकी वेल चढायला वेळ लागते. मग एखाद महिना दोडके अन् गवार खाऊन कंटाळा येईल. पाऊस लय झाला, तर पालेभाजी सडते, त्या रविवारी पिशवी हलकी राहील. तवा पैसे परत मागायचे नाहीत. आन् दिवाळीनंतर इतकं येईल, की ठेवायला जागा नाही पुरणार. आमच्या वावराचं जे होईल, ते तुमचं होईल."

"म्हणजे शेतात भागीदारी," भार्गवीचा नवरा आल्हाद म्हणाला. तो कॉलेजात शिकवतो, त्याला प्रत्येक गोष्टीला नाव लागतं.

"हाव, तसंच," मयुरी म्हणाली, आणि भार्गवीनं लगेच पैसे भरले. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

पुढचे रविवार मी खिडकीशी काढले. प्रसेनचा मालाचा ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. मयुरी तोंडाला स्कार्फ बांधून घरोघरी पिशव्या द्यायची आणि शेवटी माझ्याकडे चहाला यायची. रिकाम्या हातानं. मी तिच्या पाठीमागं बघायची, ऑटोतही बघायची. ऑटो झाडून काढल्यासारखा मोकळा.

"ताई, काही झालं का?"

"कुठं काय," मी म्हणायची आणि तिच्या चहात साखर कमी टाकायची. एवढंच माझ्या हातात होतं.

माझे यजमान धम्मरत्न एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. गाडीचं इंजिन गरम झालं तर त्यांना कळतं, बायकोचं तर लगेच कळतं.

"फोन कर न मायले. मांग. तुह्या बापाचंच वावर आहे."

"वानोळा मांगून घेतात का?"

"मंग बस जळत."

"बसतो! माह्यं मी पाहीन."

आणि मी खरंच जळत बसले. रागानं माहेरी फोन करणंच सोडलं. आधी एक दिवसाआड व्हायचा, आता मायचा आला तर 'हो', 'बरं', 'शाळा आहे' एवढंच. मायला कळावं असं वाटत होतं. न सांगता कळावं. माय ती, तिला नाही कळणार तर कुणाला?

एकदा भार्गवी कुंपणाच्या भिंतीपाशी आली. हातात हिरवा पाला.

"रेणुका, ही कसली पानं गं पिशवीत? गवत चुकून आलंय का?"

कोवळा तरोटा होता. शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, मायनं स्वतः खुडलेला. देठ कुठं तोडायचा हे मायच्याच नखाला कळतं, त्यामुळं बघताक्षणी ओळखला.

"तरोटा आहे तो. लसूण-मिरचीवर परतायचा."

"आल्हाद नाही खायचा. तू घे ना, वाया जाईल."

मी घेतला. माझ्या मायनं खुडलेली भाजी मला शेजारणीच्या घरातून, उरलीसुरली म्हणून मिळाली. ती परतली, भाकरीबरोबर खाल्ली आणि खाताना डोळ्यांतून पाणी काढलं. धम्मरत्ननं विचारलं तर मिरची जास्त झाली म्हणाले. मिरची जास्त झालेलीच नव्हती.

पण भार्गवी तेवढ्यावर थांबणारी नव्हती. तिनं मयुरीकडून मायचा नंबर घेतला. अंबाडी आली की मायला फोन, कारली आली की मायला फोन. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. "काकू, मीठ आधी की नंतर?" आणि मग हसणं. माझी माय फोनवर कुणाशी एवढं हसते, हे मला ठाऊकच नव्हतं. ती बाई माझ्या मायच्या हातची कारल्याची भाजी शिकली आणि वाटीत घालून मला चाखायला घेऊन आली. चांगली झाली होती. तेच तर दुःख होतं.

मग श्रावणात झड लागली. आठवडाभर उघडीप नाही. त्या रविवारच्या पिशवीत थोडे दोडके आणि चिखलानं माखलेली वांगी, बस्स. पिशवी घेणाऱ्या बायकांचा मोबाईलवर ग्रुप होता, भार्गवीनं तो मला दाखवला. कुणी लिहिलं होतं, "एवढ्यासाठी पैसे भरले का?" कुणी लिहिलं होतं, "बाजारात सगळं मिळतंय." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? माझ्याच बापाचं वावर पाण्यात होतं आणि मला बरं वाटलं. पण भार्गवीनं खाली लिहिलं, "त्यांची पालेभाजी सडली आहे. आपण शेताचे भागीदार आहोत, किराण्याचे गिऱ्हाईक नाही." तिच्या त्या ओळीखाली सगळ्यांनी हात जोडले. माझ्या माहेराची बाजू तिनं घेतली, मी नाही. त्या रात्री मला तिचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल.

पुढच्या रविवारी मयुरी चहा प्यायला बसली आणि मी म्हटलं, "माह्यंही नाव घे पिशवीत."

तिनं कप खाली ठेवला. "ताई, तुमचं?"

"काऊन? माह्ये पैसे चालत नाहीत का?"

मी तिच्यासमोरच मोबाईल काढून हंगामाचे सगळे पैसे पाठवले. माझ्या मनात काय होतं? ती म्हणेल, 'ताई, काय करता, तुम्ही लेक आहात या घरच्या.' प्रसेन ऑटोतून उतरून येईल, ओरडेल. बाबांचा फोन येईल. मग मी म्हणेन, 'आता आठवली का लेक?' हे सगळं मी आदल्या दिवसापासून घोकून ठेवलं होतं.

मयुरीचा चेहरा मात्र उजळला. "ताई, तुम्ही भरले म्हणजे बाकीच्या बायकांले धीर येईल. झडीपासून मले झोप नाही. एवढं बळ देलं तुम्ही!" तिनं वाकून माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. घोकलेलं सगळं वाया गेलं.

माझी पिशवी आली. ती भार्गवीच्या पिशवीपेक्षा जरा फुगलेली असेल असं मला वाटलं होतं. लेक आहे, दोन भेंड्या तरी जास्त. मी भिंतीशी उभी राहून, बोलता बोलता, तिची पिशवी नीट न्याहाळली. एकही भेंडी कमी नाही की जास्त नाही. मयुरीचा न्याय असा चोख, की चीड यावी. शेजारणीइतकंच माहेर माझ्या वाट्याला आलं होतं, तेही पैसे भरून.

वानोळा त्यानंतरही आला नाही. गणपती गेले, दसरा गेला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही दरवर्षी अमडापूरला जातो. या वर्षी मी डोकं दुखतं म्हणाले. पण आश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपतो त्या दिवशी, बाबांनी फोन करून सांगितलं, "बाई, विहारात खीरदान आहे. तू ये." बाबा कधी 'ये' म्हणत नाहीत. 'येशील तर बरं' म्हणतात. मी एकटीच एसटीनं गेले.

विहारातून घरी आलो. मयुरी आणि प्रसेन मागं राहिले, भांडी आवरायला. बाबा गुडघा धरून बाजेवर टेकले. गुडघ्यावर पट्टा होता.

"हे कधीपासून?"

"आषाढापासून," बाबा म्हणाले. "बसमंदी चढणं होत नाही."

मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलंही असेल फोनवर, मी 'शाळा आहे' म्हणून ठेवून दिला असेल.

मी निघायला उठले, तर माय आतून गाठोडं घेऊन आली. जुन्या सुती लुगड्याच्या धडप्याचं, तीच गाठ, वर दोन कान काढलेली. खाली भुईमुगाच्या शेंगा, वर सीताफळं दिसत होती. आषाढापासूनचं सगळं विष एका क्षणात उतरलं.

"कशाले वं माय एवढं," मी म्हटलं, जसं म्हणायचं असतं तसं.

"नीट नेजो. सीताफळं वरच राहू दे, दबतीन," माय म्हणाली. "तुह्या बाजूलेच राह्यते न भार्गवी. तिले देजो."

मी गाठोड्याला लावलेला हात तसाच राहिला.

"भार्गवीले?"

"मांगच्या आईतवारी आली होती न ते, नवऱ्याले घेऊन. पिशवीवाल्यांले मयुरीनं वावर पाहाले बलावलं होतं, तूच नाही आली. बाकीच्या बाया धुऱ्यावर फोटो काढत बसल्या. हे पोरगी मात्र चिखलात बसून माह्यासंग भुईमूग उपटे. पहिल्यांदा आली वावरात. रिकाम्या हातानं गेली म्हनून माह्या जिवाले लागलं. शेंगा ओल्या होत्या तवा. आता वाळवल्या."

"अन् मले?"

बोलून गेले. जो मागायचा नसतो तो मी मागितला, तोही उंबऱ्यात उभं राहून, एखाद्या भिकाऱ्यासारखा.

मायनं माझ्याकडं बघितलं. माझा स्वभाव तिच्यावरून आलाय, त्यामुळं ती काय करणार हे मला कळलं. ती रडणार नव्हती.

"तुह्यी पिशवी येते न."

"पिशवीचे पैसे भरल्याच्या आंधीही नाही आला वानोळा! भार्गवीच्या घरी काकड्या गेल्या अन् माह्या घरी..."

"तुह्या काकड्या मी कोनाड्यात काढून ठेवल्या होत्या," माय म्हणाली. आवाज चढवला नाही. "मयुरी म्हने, माय, ऑटोतच ताईच्याही घेऊन जातो. मी म्हटलं, नाही. विकाच्या मालासंग लेकीचा वानोळा जात नसते. तो येगळा जाते, घरचं माणूस घेऊन जाते. तुह्या बाबाचा गुडघा असा. मी म्हटलं, सोता जाईन, पोरीजवळ दोन दिवस राहीन. काकड्या पिवळ्या पडल्या, म्हशीले घातल्या. मंग मुगाच्या शेंगा ठेवल्या. त झड उघडल्यावर मयुरी नाचत आली. ताईनं पैसे भरले, ताईनं पैसे भरले."

बाबा बाजेवरून म्हणाले, "जाऊ दे आता."

"जाऊ कशाले देऊ? मले वाटलं, तिले आपलं फुकटचं नको. मास्तरीन आहे. मोजून देते, मोजून घेते. मंग मी कोनत्या तोंडानं घेऊन येऊ?"

"फोन काऊन नाही केला?"

"तू केला का?" माय म्हणाली.

मी गाठोड्याकडं बघत होते आणि माय मी ते उचलते की नाही हे बघत होती.

"माह्ये पैसे परत दे म्हणावं मयुरीले," मी शेवटी म्हटलं. "मले नको ते पिशवी."

"हंगामाचे पैसे परत भेटत नाहीत. तूच तर ऐकलं व्हतं न बसून." मायनं पदर खोचला. "होळीलोक तू गिऱ्हाईक. मंग पाहू."

गाठोडं मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. बाबा लंगडत स्टँडपर्यंत आले होते, ते खिडकीतून काही बोलले, पण गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. चिखली येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच. हे मी का देऊ? कुणाला काय कळणार? भार्गवीला माहीतच नाही की काही येतंय. तीन पिढ्या त्या मातीत आम्ही राबलो आणि वानोळा तिला? एक दिवस चिखलात बसली म्हणून?

घरी येऊन मी गाठोडं सरळ माझ्या ओट्यावर ठेवलं आणि गाठ सोडली.

धम्मरत्न आले, बघितलं आणि लहान पोरासारखे खूश झाले. "आला! म्या म्हटलं नव्हतं, येईल म्हणून? उगाच जळे."

"हाव," मी म्हटलं. "आला."

त्यांनी शेंग फोडून तोंडात टाकली. दुसरी फोडून माझ्या हातावर ठेवली. मी तोंडात टाकली आणि चावत राहिले. त्या दाण्याला आमच्या मातीची चव होती, पक्की, पण गिळवेना. मायनं ही शेंग अंगणात वाळत घालताना, कावळे हाकलताना, नाव भार्गवीचं घेतलं असणार. वानोळ्यात तेवढंच तर असतं. बाकी शेंगा बाजारात मिळतात.

मी गाठ पुन्हा बांधली.

"कुठं चालली?"

"ज्याचं त्याले द्याले."

धम्मरत्नना पहिल्यांदाच चेष्टा सुचली नाही.

भार्गवीनं दार उघडलं आणि गाठोडं बघून दोन्ही हात गालाला लावले. "काकूंनी? माझ्यासाठी? अगं, किती गोड आहेत त्या!" मग लगेच मोबाईल शोधायला लागली. "थांब, मयुरीला किती पाठवू सांग. हे पिशवीत धरलेलं नसणार."

"याचे पैसे नसतात," मी म्हटलं.

"असं कसं? कष्टाचं आहे त्यांच्या. तू तर घरची लेक, तूसुद्धा भरलेस ना?"

"भरले. म्हणून तर हे तुझ्याकडं आलं."

तिला काही कळलं नाही. सीताफळ नाकाशी धरून तिनं दुसऱ्या हातानं माझ्या मायला फोन लावला, स्पीकरवर. एका रिंगमध्ये उचलला गेला.

"पोचलं का वं पोरी?" माय म्हणाली. "चव पाह्यली का?"

मी तिथं उभी आहे हे भार्गवीनं सांगितलं नाही. मीही बोलले नाही. दारात तशीच उभी राहून मायचा आवाज ऐकत राहिले.